तीस दिवसांची नोटीस

बडोद्याच्या जुन्या सरकारी भाषेत 'निबंध' या शब्दाचा अर्थ कायदा असा होता. आपण या अंकातून वाचतो ते निबंध निराळे. संस्थानी अमदानीतला निबंध माणसाला बांधून घेणारा असे, आणि काही वेळा बांधलेल्या माणसाला मोकळे करणाराही असे. विधवेला पुन्हा संसार मांडता यावा म्हणून संस्थानाने विसाव्या शतकाच्या आरंभीच कायदा केला. बाललग्नाला आळा घालणारा निबंध १९०४ सालचा. हिंदूंना घटस्फोटाची वाट मोकळी करून देणारा निबंध १९३१ सालचा. हाच अधिकार सबंध देशातल्या हिंदूंना मिळायला १९५५ साल उजाडावे लागले.

आमचे वडील, ज्यांना आम्ही नाना म्हणत असू, ते संस्थानच्या न्याय खात्यात कारकून होते. १९४९ च्या मे महिन्यात संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले, १९६० साली गुजरात राज्य झाले; नानांच्या कचेरीवरची पाटी दोनदा बदलली, पण त्यांच्या मनातली पाटी बदलली नाही. दांडिया बाजारातल्या आमच्या दोन खोल्यांत देवघराशेजारी निबंधांची बांधीव पुस्तके असत. घरी पाहुणा आला की चहाबरोबर त्याला श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या कायद्यांची महती ऐकावी लागे. "इंग्रजांच्या मुलखात नव्हते ते आमच्याकडे होते," हे त्यांचे पालुपद. मी वकील झालो त्याचे मूळ त्या पालुपदात असावे.

माझी थोरली बहीण, अक्का, माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. १९६६ साली ती विद्यापीठाच्या त्या मोठ्या घुमटाखाली, कला शाखेत शिकत होती. तिथे तिची एका गुजराती मुलाशी ओळख झाली. तो तिच्याहून दोन वर्षे पुढे. मराठी त्याला बोलता येत होते, जसे बडोद्यात पुष्कळांना येते; वाचायची मात्र सवय नव्हती. अक्काने त्याला वाचायला लावलेले पहिले पुस्तक 'विरहतरंग'. त्याचे कवी माधव जूलियन बडोद्यातच जन्मलेले, या अभिमानापोटी तिने ते निवडले असावे. त्या खंडकाव्याचा विषय विफल प्रेम आहे, हे तेव्हा दोघांना अपशकुनासारखे वाटले नाही. त्या वयात वाटतही नाही.

पुस्तके सेंट्रल लायब्ररीतून येत. महाराजांनी अमेरिकेतून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालांना बोलावून १९१० पासून जी ग्रंथालयांची व्यवस्था बसवली, तिचे हे मुख्य घर. तिथल्या लोखंडी मांडण्यांमध्ये उजेड खालपर्यंत पोहोचावा म्हणून काचेच्या फरश्या बसवल्या आहेत. वरच्या मजल्यावर कोणी चालू लागले की खालच्याला त्याची सावली दिसते. अक्का मला सोबत नेई, कारण एकट्या मुलीने जाण्यापेक्षा लहान भावाला घेऊन जाणे बरे दिसे. मी खाली उभा राहून वरच्या दोन सावल्या पाहत असे आणि त्या किती वेळ हलत नाहीत ते मोजत असे. मला त्यात खेळापलीकडे काही वाटत नव्हते.

एके दिवशी अक्काला ताप होता. तिने मला पुस्तक बदलून आणायला सांगितले आणि जाताना म्हणाली, "ते वर भेटतील, त्यांच्या हातात दे." मी दारात चपला घालत असताना नाना आले. "हातात काय आहे?" एवढेच त्यांनी विचारले. मी पुस्तक पुढे केले. पळून जाता आले असते. खोटे बोलता आले असते. पण नानांना खोटे सांगणे मला माहीत नव्हते. पुस्तकात चिठ्ठी होती.

घरात आरडाओरडा झाला नाही. आमच्या घरात तो कधीच होत नसे. रात्री आई हळू आवाजात म्हणाली, "तुम्हीच तर सांगता, महाराजांनी सगळ्यांना मोकळीक दिली." नानांनी दिलेले उत्तर मी अंथरुणात जागा राहून ऐकले. ते म्हणाले, "तो निबंध जगासाठी आहे. आपल्या घरासाठी नव्हे." पुढच्या वर्षी अक्काचे लग्न झाले. नवरा मराठी, प्रतापनगरच्या रेल्वे कचेरीत नोकरीला, सज्जन. अक्काने संसार मनापासून केला. तिच्या तोंडून तक्रार मी ऐकली नाही आणि त्या मुलाचे नावही ऐकले नाही.

नाना १९८४ साली गेले. अक्काचे यजमान १९९८ साली गेले. तिची मुलगी लग्न होऊन पुण्याला होती. अक्का रेल्वेच्या कुटुंब निवृत्तिवेतनावर एकटी राहू लागली आणि पुन्हा सेंट्रल लायब्ररीत जाऊ लागली. २००३ च्या पावसाळ्यात एके सकाळी तिथे वर्तमानपत्रांच्या टेबलाशी ते भेटले. बँकेत नोकरी करून, स्वेच्छानिवृत्ती घेऊन ते बडोद्याला परतले होते. पत्नी निवर्तली होती. मुलगा परदेशी होता. अक्काने मला हे सगळे चार वाक्यांत सांगितले आणि पाचव्या वाक्यात म्हणाली, "आम्ही लग्न करावे म्हणतो. तू वकील आहेस. काय करावे लागते ते सांग."

मी सत्तेचाळीस वर्षांचा होतो. न्यायमंदिरात माझी वीस वर्षांची वकिली झाली होती. लोकांचे मोडलेले संसार कागदावर रीतसर मोडून देणे आणि ज्यांना पुन्हा मांडायचे त्यांना वाट दाखवणे हा माझा रोजचा व्यवसाय. अक्काला मात्र मी म्हणालो, "घाई करू नकोस. विचार कर."

मग मी तिला कारणे दिली. ती खोटी नव्हती, म्हणूनच ती अधिक वाईट होती. पुनर्विवाह केला तर रेल्वेचे कुटुंब निवृत्तिवेतन बंद होते, हे मी तिला सांगितले. तसा नियमच आहे. दोघांच्या मुलांच्या वारसाहक्काचे काय, राहते घर कोणाच्या नावावर, उद्या आजारपण आले तर जबाबदारी कोणाची, हे सगळे मी मुद्देसूद मांडले. भाचीला विचारायला हवे, असेही म्हणालो. भाचीने पुण्याहून फोनवर सांगितले, "मामा, आईला हवे तसे करू दे." ते उत्तर मी अक्काला बरेच दिवस कळवले नाही. खरे कारण मी कोणालाच सांगितले नव्हते. माझ्या मुलीसाठी स्थळे पाहणे चालू होते. आणि बडोदे वाढून कितीही मोठे झाले असले तरी आमचे मराठी बडोदे दांडिया बाजारापासून रावपुऱ्यापर्यंत, एका गावाएवढेच होते. गणपतीत, लग्नकार्यात, व्याख्यानाला तीच माणसे. ती काय म्हणतील, हे माझे एकमेव खरे कलम होते. बाकीची सगळी त्याच्या पुष्ट्यर्थ जोडलेली परिशिष्टे होती.

अशी दोन वर्षे गेली. या काळात मी एका जुन्या कथेकडे वळलो. कदाचित आपल्या चुकीला थोर सोबत मिळते का, हे पाहण्यासाठी. ही कथा बडोद्याच्या राजवाड्यातलीच आहे.

सयाजीराव महाराज आणि महाराणी चिमणाबाई यांची एकुलती एक कन्या इंदिराराजे यांचा जन्म १८९२ चा. त्यांचे लग्न ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांच्याशी ठरले होते. माधवराव त्यांच्याहून सोळा वर्षांनी मोठे, आणि त्यांची पहिली पत्नी हयात होती. पण मराठ्यांच्या दोन मोठ्या घराण्यांचा हा संबंध होता. डिसेंबर १९११ मध्ये दिल्ली दरबार भरला. तिथे इंदिराराजे आणि कोचबिहारचे धाकटे राजपुत्र जितेंद्रनारायण यांचे मन जुळले. बडोद्यात लग्नाची तयारी चालू असताना या मुलीने कोणालाही न सांगता थेट ग्वाल्हेरला पत्र लिहून लग्न मोडले. पत्राचा अर्थ काय, अशी विचारणा करणारी तार ग्वाल्हेरहून आली, तेव्हा आईवडिलांना बातमी कळली.

गंमत म्हणावी की दुःख म्हणावे, त्याच १९११ साली भारतीय स्त्रीचे समाजातील स्थान या विषयावरचे महाराणी चिमणाबाईंचे इंग्रजी पुस्तक, सहलेखक मित्र यांच्यासह लिहिलेले, प्रसिद्ध झाले होते. स्त्रीने पुढे यावे असे लिहिणाऱ्या आईची स्वतःची लेक पुढे आली, आणि आईला ते सोसले नाही. महाराजांची अडचण मला कळते. दिलेला शब्द मोडला होता. दिल्ली दरबारात त्यांनी बादशहाला केलेल्या मुजऱ्यावरून इंग्रज सरकार आधीच रुष्ट होते. कोचबिहारचे घराणे लहान, बंगाली, ब्राह्म मताचे आणि राहणीने विलायती. तरीही हे विसरता येत नाही की, इतरांच्या मुलींसाठी निबंध करणारा हा राजा होता. दोघांच्या गाठीभेटींना आणि पत्रव्यवहाराला बंदी झाली. मुलीला युरोपात फिरवून आणले. जितेंद्रनारायणांना नाद सोडण्याविषयी बजावले गेले. पत्रे चोरून चालूच राहिली. अखेर १९१३ साली आईवडिलांनी हात आवरता घेतला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लंडनला लग्न झाले. त्याला आईवडील दोघेही हजर नव्हते.

या कथेत आणखी एक पदर आहे आणि तो वाचताना मी पुस्तक मिटून बसलो होतो. जितेंद्रनारायणांची आई सुनीतिदेवी ही ब्राह्म समाजाचे पुढारी केशवचंद्र सेन यांची मुलगी. केशवचंद्रांच्या खटपटीने १८७२ चा विवाहाचा कायदा झाला. त्यात मुलीचे वय निदान चौदा असावे असे ठरले. आणि १८७८ साली याच केशवचंद्रांनी आपल्या मुलीला, ती त्या वयाची होण्यापूर्वीच, कोचबिहारच्या राजाला देऊन टाकले. ब्राह्म समाजात त्यावरून फूट पडली. म्हणजे १९१३ च्या त्या लंडनच्या लग्नात दोन्ही घरांच्या मागे एकेक कायदा करणारा बाप उभा होता. एकाने स्वतःचा कायदा मुलीचे लग्न लावण्यासाठी बाजूला ठेवला, दुसऱ्याने आपल्या कायद्यांमागचे तत्त्व मुलीचे लग्न अडवण्यासाठी. नाना एकटे नव्हते. मीही एकटा नव्हतो. पण या सोबतीने मला बरे वाटले नाही.

बरे न वाटण्याचे कारण त्यापुढची तारीख. लग्नानंतर थोड्याच दिवसांत थोरले बंधू वारल्यामुळे जितेंद्रनारायण गादीवर आले आणि डिसेंबर १९२२ मध्ये तेही गेले. उणीपुरी साडेनऊ वर्षे. इंदिराराजे तिशीत विधवा झाल्या आणि त्यांनी कोचबिहारचा कारभार मुलाच्या वतीने सांभाळला. साडेनऊ वर्षांच्या सहवासातून आधीची दोन वर्षे कोणी काढून घेतली, हा हिशेब त्यांनी कधी केला की नाही, हे मला माहीत नाही. मी मात्र तो केला. त्याच रात्री मी अक्काकडे गेलो.

ती निवडलेली भाजी बाजूला सारून बसली. मी आडून आडून बोलू लागलो, तसे तिने मला थांबवले. म्हणाली, "बाळ, त्या दिवशी चिठ्ठी तू दिलीस. मी तुला कधी बोलले का? तू दहा वर्षांचा होतास. नानांनी मागितले, तू दिलेस." मग थोडे थांबून म्हणाली, "आता तू दहा वर्षांचा नाहीस. आणि आता नानाही मागत नाहीत."

कोर्टात मी पुष्कळ निकाल ऐकले आहेत. इतका थोडक्यात दिलेला निकाल ऐकला नाही.

१९५४ च्या विशेष विवाह कायद्याने लग्न करायचे ठरले. हा कायदा केशवचंद्रांच्या १८७२ च्या कायद्याच्या जागी आला, हे माझ्या मनात होते. कोणाला सांगितले नाही. या कायद्यात आधी नोटीस द्यावी लागते. दोघांपैकी एकाचे त्या जिल्ह्यात निदान तीस दिवस वास्तव्य हवे. नोटीस वहीत नोंदली जाते आणि तिची प्रत कचेरीच्या फलकावर लागते. मग तीस दिवस वाट पाहायची. या मुदतीत कोणालाही हरकत घेता येते. पण हरकत कशावर घ्यायची हे कायद्याने ठरवून दिले आहे. आधीचा जोडीदार हयात आहे का, संमती देण्याइतके मन ठिकाणावर आहे का, वय पुरे आहे का, नाते निषिद्ध आहे का, एवढेच. भावाला लाज वाटते, हे कारण त्यात नाही. आई पन्नाशीच्या पुढची आहे, जात वेगळी आहे, भाषा वेगळी आहे, पेठेतले लोक काय म्हणतील, यांतले काहीच त्यात नाही. मी ते कलम शेकडो वेळा वाचले असेल. त्या दिवशी फलकासमोर उभा राहून पहिल्यांदा समजले की, ज्याने ते लिहिले त्याला माझ्यासारखी माणसे चांगली ठाऊक होती.

त्या तीस दिवसांत मी कामाच्या निमित्ताने दोनतीनदा त्या कचेरीत गेलो आणि फलकाकडे पाहून आलो. धुळीने भरलेल्या काचेमागे अक्काचे नाव, वय वर्षे एकोणसाठ, व्यवसाय गृहिणी. शेजारी त्यांचे, वय वर्षे एकसष्ट. कोणी हरकत घेतली नाही. पेठेतही कोणी फारसे बोलले नाही. दोन वर्षे मी ज्या लोकांच्या धाकाने गप्प होतो, त्यांतल्या बहुतेकांनी "बरे झाले" म्हटले आणि ते आपल्या कामाला लागले. माझ्या मुलीचे लग्नही पुढे योग्य वेळी, योग्य घरी झाले.

२००५ च्या डिसेंबरात नोंदणी झाली. तीन साक्षीदार लागतात. एक भाची, एक त्यांचे बँकेतले मित्र आणि तिसरा मी. सही करताना मला नानांची आठवण झाली. त्यांच्यावर राग आला नाही. त्यांनी जे केले ते एका रात्रीत, एका वाक्यात केले. मी तेच दोन वर्षे, कलमवार केले. बाहेर आल्यावर मी सवयीने त्यांना "साहेब" म्हणालो. ते आपल्या गुजराती वळणाच्या मराठीत म्हणाले, "वकीलसाहेब, आता तरी भाऊजी म्हणा. एकोणचाळीस वर्षे वाट बघून राहिलोय."

निवृत्तिवेतन बंद झाले. अक्काने स्वतः अर्ज करून कळवले. मी सुचवले होते की लग्न न करता नुसते सोबत राहिलात तर पैसे चालू राहतील. पुष्कळ ज्येष्ठ मंडळी हल्ली तसे राहतात आणि त्यात गैर काही नाही. अक्का म्हणाली, "त्यांचे खरे आहे. पण मला एकदा फलकावर नाव लागायला हवे होते."

त्यांचा संसार लहानसा होता. सकाळी कमाटीबागेत फेरी, दुपारी लायब्ररी, संध्याकाळी सुरसागरच्या काठी थोडा वेळ. घरात ती मराठीत बोले आणि ते गुजरातीत उत्तर देत. भांडण झाले की उलट होई. उंधियू कोणाच्या हातचा चांगला आणि पुरणपोळीला तूप किती, यावरून दर वर्षी वाद. मी रविवारी जात असे. सुरुवातीला संकोचाने, मग सवयीने, मग ओढीने.

फेब्रुवारी २०१८ मध्ये बडोद्याला ९१ वे मराठी साहित्य संमेलन भरले. याआधीचे इथले संमेलन १९३४ सालचे. नाना त्याच्या आठवणी सांगत. मांडवात अक्का आणि भाऊजी शेजारी शेजारी खुर्च्यांवर बसले होते. दोघांच्या मांडीवर मिळून एकच शाल. मी मागच्या रांगेत होतो. ओळखीचे लोक येऊन नमस्कार करून जात होते. मला एकदम काचेच्या फरशीवरच्या त्या दोन सावल्या आठवल्या. या वेळी मी मोजत बसलो नाही.

त्याच वर्षी न्यायमंदिरातली न्यायालये नव्या इमारतीत गेली, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस भाऊजी गेले. दुखणे फार दिवसांचे नव्हते. संसार तेरा वर्षांचा झाला.

अक्का आता ऐंशीच्या घरात आहे. पुस्तक बदलायला मी तिच्याबरोबर जातो. आता सोबत कोणाला लागते, हे विचारण्यात अर्थ नाही. परवा जिना चढताना ती माझ्या हाताला धरून सहज म्हणाली, "तेरा वर्षे काही थोडी नाहीत हो." मी मान हलवली. पंधरा झाली असती, हे तिलाही ठाऊक आहे आणि मलाही. कायद्याने हरकतीला तीस दिवसांची मुदत दिली आहे. त्या दोन वर्षांचा हिशेब माझ्या नावावर आहे, आणि अक्काने तो एकदाही मागितलेला नाही.